निळी प्रत

अल ऐनला रात्री दोन वाजता एसीसुद्धा दमून घरघरतो.
खिडकीत जबल हफीतच्या घाटाचे दिवे,
आणि स्क्रीनवर दोन चिवचिवाट:
एक मंगळवारचा,
दुसरा त्यानंतर अकरा दिवसांनी आलेला.

दोन कृष्णविवरं फिरत फिरत एक झाली
तेव्हा पृथ्वीच नव्हती. थरथर तेवढी निघाली.
वाटेत कुणीतरी जड बसलं होतं,
एखादी दीर्घिका असेल, आम्हाला दिसलेली नाही.
तिला वळसा घालून ती दोन्ही अंगांनी आली,
एक वाट जवळची, एक लांबची.

किंवा तसं काहीच नाही.
दोन वेगळ्या गावची दोन लग्नं,
नवरानवरींची वजनं तेवढी जुळली.

हे ठरवायचे मला दिरहम मिळतात.

अब्बा सित्र्याच्या रिफायनरीत फिटर होते.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाच्या हाडाला,
डोळे मिटून सांगायचे: दोन महिने जाईल अजून.
पत्र कार्बन घालून लिहायचे.
वरची प्रत पोस्टाने,
खालची, निळी, श्रीवर्धनला निघालेल्या कुणाच्या तरी हाती.
पोस्टाचा भरवसा नाही, म्हणायचे, माणसाचाही नाही,
दोघांचा मिळून थोडा होतो.

त्या वर्षी पोस्टाची प्रत आली: ईदला येतो.
मग तार आली.
मग एकेचाळिसाव्या दिवशी
दाऊद मुकादम दारात उभे, हातात निळी प्रत.
ईदला येतो.

अम्मी रडली नाही.
डब्यातून पहिली प्रत काढली,
एकीवर एक ठेवून खिडकीला लावली,
आणि बोट फिरवत गेली, काना, मात्रा, वेलांटी.
निळी फिकट होती, आणि जरा सरकलेली,
कार्बन हलला असेल.
बाकी तेच, म्हणाली. नवीन काही नाही.
मी सात वर्षांची. त्यानंतर मी
बरीच गणितं पाहिली, इतकी स्वच्छ नाही.

दाऊदचाचा सहाव्या दिवशीच गावात पोचले होते,
हे फार नंतर कळलं.
पत्र खिशात घेऊन रोज बंदरावर जायचे,
आमची गल्ली टाळून,
मशिदीमागून, लांबच्या वाटेने.

शम्सा म्हणते, अहवालात लिही: पुरावा अपुरा.
बरोबर आहे तिचं. दुसरा संकेत फिकट आहे,
पाव फेरी सरकलेला, गोंगाटात अर्धा बुडालेला.
असे जुळे योगायोगानेही सापडतात.
लिहिलं. पाठवलं.

मग फाइल बंद करायच्या आधी
दोन्ही रेघा पुन्हा एकीवर एक ठेवल्या,
आणि नको तिथे, स्क्रीनच्या काचेवर,
बोट ठेवलं.