सुकती

अवसेनंतरची दूज. सुकती सातच्या सुमारास.
खारदांड्याच्या खडकांवर सहावी ब,
बत्तीस पोरं, चपला हातात,
आणि मी: शिट्टी, आयोडीन,
पालकांच्या सह्यांचा गठ्ठा.

"चपला घाला गो!" कालवं फोडता फोडता
नखुबाय ओरडली,
"पाय चिरतील, मग बाईंना बोल लावाल."

श्रावस्तीला पहिल्यांदा दिसलं:
"मॅडम, शंख चालतोय!"
मग सगळेच वाकले.
दगड उचला, बघा, होता तसा ठेवा.
एवढा एकच नियम,
तोही मीच आधी मोडला,
खेकडा बोटाला डसला तेव्हा.
पोरं पोट धरून हसली.

ओवेस हजेरीलाही नुसता हात वर करतो.
तो एका डबक्यापाशी उकिडवा.
समुद्रफुलाला त्यानं करंगळी लावली.
फूल मिटलं.
रांग पुढे गेली, मी शिट्टी वाजवली, दोनदा.
तो हलला नाही.
पाणी घोट्याला लागलं,
फूल एकेक बोट उघडत गेलं,
तेव्हा उठला.

बसमध्ये वाळू, शेवाळाचा वास,
कुणाच्या तरी खिशात एक शंख,
रिकामाच निघाला, देवाची कृपा.

सोमवारी हजेरी घेताना
ओवेसचं नाव पुकारलं,
आणि पुढचं नाव घ्यायची
मी घाई केली नाही.