आवर्तन

जामद्याच्या बंधाऱ्याखाली गिरणा
चैत्रात तुकड्यातुकड्यांनी पडलेली असते खडकात.
कुठे ढोपरभर, कुठे परातीएवढी,
आणि त्या परातीत खरपी.

बोटभर मासा. रंग म्हणाल तर नक्की नाही:
वाळूवर वाळूचा, शेवाळावर शेवाळाचा.
डोळे माथ्यावर चढलेले,
तोंड असं, की आत्ताच कुणी त्याचं म्हणणं खोडलंय.
पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली.
ती दगडाला लावली
की लोंढ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.
पोहण्याचा कंटाळा. झेपावतो, बसतो.
पुन्हा झेपावतो, बसतो.
आमच्या खात्यात शोभला असता.

चपटा दगड उचलायला वाकलो तर
धुडकू भोई म्हणाला, थांबा साहेब, वाईच कलता करा.
दगडाच्या पोटाशी अंडी, उलटी लटकलेली,
राजगिऱ्याएवढी,
आणि खाली ती खरपी, पर हलवत,
वारा घालावा तसं पाणी घालत.
"माय का?"
"माय नई. बाप शे.
माय गई कव्हयनीच."

नाव बाईचं आणि राखण बापाची.
बुरशी धरलेलं अंडं तो तोंडानं उचलतो
आणि गिळतो.
त्याला खाणं म्हणावं की जपणं,
मी उन्हात बराच वेळ उभा होतो.

खिशात पत्र होतं: तिसरं आवर्तन,
मंगळवारी धरणातून, बुधवारी पहाटे इथं.
समुद्र इथून कोसांकोस लांब.
इथली भरती चंद्राला विचारत नाही,
जळगावच्या ऑफिसातून सुटते,
पाचोऱ्याच्या नळांसाठी, भडगावच्या नळांसाठी.
मी फक्त पट्टी वाचतो.
हे वाक्य मी त्या आठवड्यात
स्वतःला तीनदा ऐकवलं.

पाणी आलं ते कडबा ओढल्यासारखा आवाज करत,
पुढे फेस, फेसात एक चप्पल.
पराती भरल्या, एकमेकींत सांडल्या,
नदी पुन्हा एकवचनी झाली.

सोमवारी उतरलं.
दगड हातभर सरकलेला.
खाली अंडी नव्हती, नुसते फिके ठिपके,
फुटल्याचे की वाहून गेल्याचे, ठिपके सांगत नाहीत.
जवळच एक खरपी, वाळूच्या रंगाची.
तीच? दुसरी?

वहीत पातळी लिहिली. शेऱ्याचा रकाना तसाच.
"पुढलं पाणी कव्हय?" धुडकूनं विचारलं.
मी तारीख सांगितली.
त्यानं बोटांवर दिवस मोजले, परत मोजले,
आणि दगड उचलून होता तिथं,
होता तसा, पालथा ठेवला.