म्हाताऱ्या पावसात

तरणा पाऊस सरला, म्हातारा लागला,
पण तो कसला दमतोय.
रात्रभर पन्हाळीत खोकत राहतो
आणि पहाटे पावणेसहाला
कंदी दाराशी येऊन बसते, तोंडात पट्टा.

कंदी आमची कुत्री. रंग पेढ्याचा,
म्हणून यांनीच नाव ठेवलं.
मी तशी कुत्र्यांची नव्हे.
अकरा वर्षं हेच न्यायचे तिला,
मी फक्त पायपुसणं धुवायचे
आणि बोलायचे.
जूनअखेरीला हे न्हाणीत घसरले,
खुब्यात सळई आली, घरात वॉकर आला,
पट्टा माझ्या हातात आला.

यांचा रेनकोट मला घोट्यापर्यंत.
खिशात एसटीची तिकिटं, लगदा झालेली,
आणि बडीशेपेची पुडी.
बडीशेप कशाला, ते तेव्हा सुचलं नाही.

शाहूनगरच्या उतारावर पाणी आपल्या आधी चालतं.
अजिंक्यतारा नाही. त्यावरचा टॉवर नाही.
देशमान्यांचं घरसुद्धा अर्धंच,
खालचा मजला ठेवून वरचा धुक्यानं नेलेला.
छत्री पहिल्याच वळणाला उलटी होते,
चार दिवसांनी मी ती घरीच ठेवली.

कंदीला पाऊस आवडतो असंही नाही.
कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन चालते,
सरकारी कामाला निघाल्यासारखी.
पण खाडा नाही.
दूधवाला उत्तम म्हणतो, "काकी, एक दिवस सुट्टी घ्या की."
"हिला सांग," म्हणते मी.

वाट तिला पाठ. मी नुसती मागची.
आधी विजेचा खांब,
मग मुळीकांची जास्वंद, एवढ्या पावसातही
तिला आपल्याकडचं थोडं घालतेच.
मग गोडोलीच्या तळ्याचा कठडा.
आणि शेवटी
बंद पडलेल्या वजनकाट्याचं पत्र्याचं शेड.

तिथं ती बसते.
हुंगत नाही, खाजवत नाही,
रस्त्याकडं तोंड करून नुसती बसते.
ओढलं, उठली नाही.
बिस्किट दाखवलं, ते खाल्लं आणि बसली.
पाच-सात मिनिटं.
मग आपली आपण उठली,
अंग झाडलं, सगळं माझ्यावर,
आणि घराकडं.
रोज तेच. रोज तेवढंच.

एका पहाटे वारा फिरला,
झड तिरपी आत घुसली, मी भिंतीला चिकटले.
पाठीला वीट हलली.
विटेमागं प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत पाकीट, लायटर,
सिगारेटी चार.

नऊ वर्षांपूर्वी सोडलेली.
औंधच्या यमाईसमोर,
माझ्या डोक्यावर हात ठेवून.

राग आला. खोटं कशाला बोलू.
पाकीट चुरगाळून तळ्यात फेकणार होते,
पण पत्र्यावर असा काही कोसळत होता
की माझा मलाच राग ऐकू येईना.
कंदीनं एकदा मागं वळून पाहिलं,
पुन्हा रस्त्याकडं तोंड केलं.
तेव्हा कळलं, ही पहाऱ्यावर आहे.
नऊ वर्षं, उन्हाळा-पावसाळा,
ही बाई येते का ते बघत.

मग ही बाई तिच्याशेजारी बसली.
ओल्या कुत्र्याचा वास, ओल्या सिमेंटचा वास.
कुणी काही विचारत नव्हतं.
गॅस नाही, गोळ्यांची वेळ नाही, फोन नाही.
पाच मिनिटं इतकी लांब असतात
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
उठताना पिशवीला गाठ मारली,
नीट, पाणी शिरणार नाही अशी,
वीट जागेवर लावली.

घरी हे वॉकर धरून खिडकीशी.
"कुठवर गेलतीस?"
"कंदी नेईल तिथवर."
हे गप्प.
वाकता येत नाही तरी खुर्चीत बसून
टॉवेलनं तिचे कान पुसत राहिले,
कोरडे झाले तरी पुसत राहिले.
"थांबायचं लक्षण दिसत नाही," मी म्हटलं.
"अजून आसळका यायच्यात," म्हणाले, वर न बघता.

रेनकोट खुंटीला लावताना
खिशातली बडीशेप सापडली, सादळलेली.
चिमूटभर तोंडात टाकली.