प्रस्तावित वापर

फॉर्मवर सतरा रकाने. सोळा भरून झाले.
लांबी अठ्ठावन्न फूट, रुंदी चोवीस.
भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात; जाडी दोन हात.
घंटा: नाही. दोर: आहे.

किल्ली शांतवन निरभवणे यांच्याकडे.
एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त, वय एकोणऐंशी,
कानात कापूस, खिशात चिवड्याची पुडी.
कुलूप काढताना म्हणाले,
"वाकून या. देवासाठी नाही,
वर पोळं आहे."

बाहेर त्र्यंबक रोडवर मे महिना, आत माठातलं गार.
टेपचं एक टोक त्यांच्या हाती दिलं.
ते वेदीच्या जागी जाऊन उभे राहिले,
मी दाराशी.
मला खोकला आला. भिंतींनी जरा थांबून
तो परत केला,
माझ्यापेक्षा मोठ्या माणसाचा करून.

"अठ्ठ्याहत्तर साली इथं कांदा भरला होता.
भाव पडलेला, पाद्री भला माणूस.
पुढं दोन वर्षं प्रार्थनेला
झाडून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी."
हसले, आणि हसण्याचाही आवाज फार मोठा झाला
म्हणून गप्प बसले.

बाप्तिस्म्याच्या कुंडात साळुंक्या पाणी पितात.
पाणी रोज कोण भरतं, मी विचारलं नाही.
निरभवण्यांची बाही कोपरापर्यंत ओली होती.

ऑफिसात सूचना आल्यात:
अभ्यासिका, स्पर्धा परीक्षांची.
वाइन चाखण्याचं दालन, कारण वातावरण आयतंच आहे.
डायलिसिस केंद्र.
एका नगरसेवकाचं म्हणणं, पाडून टाका,
सिंहस्थात गाड्या लावायला जागा कुठाय?
आणि पुण्याच्या कोणा बाईंचं पोस्टकार्ड:
काही करू नका, फक्त पडू देऊ नका.
ह्यासाठी आमच्याकडे लेखाशीर्ष नाही.

मग शिडी लावली, कैच्या तपासायला.
सागवान. वाळवी नाही. खिळा एकही नाही,
सगळे सांधे कुसू-सालीचे.
बॅटरीच्या उजेडात, आडव्या तुळईच्या वरच्या अंगाला,
जिथे खालून कुणाचीच नजर पोचत नाही,
पटाशीनं कोरलेलं:
हा सांधा याकोबाचा

खाली उतरलो. हाताला दीडशे वर्षांची धूळ.
"गुलामांच्या गलबतावरून सोडवलेली पोरं होती ती,
आफ्रिकेकडची. मिशननं सुतारकी शिकवली.
रजिस्टरात आहे ना: याकोब, वय अंदाजे बारा.
बापाचं नाव माहीत नाही. गाव माहीत नाही.
बोली कोणास कळत नाही."
"पुढं कुठं गेला?"
"पुढचं पान नाही."

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला.
पांढरे केस, बारीक बारीक वळ्यांचे, मेंढीच्या लोकरीसारखे.
टोपी पुन्हा घातली.

बारा वर्षांचं पोर,
ज्याचं नावसुद्धा दुसऱ्यांनी ठेवलेलं,
चार महिन्यांत शिकलेल्या अक्षरांत
एक लाकूड दुसऱ्याला कसं धरून राहतं
तेवढं आपलं म्हणून लिहितं,
तेही छताला तोंड करून.

सतरावा रकाना उरलाय.
पेन्सिलीनं अभ्यासिका लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं. साहेबांना उद्या अकराला हवंय.
छताच्या रकान्यात मात्र शाईनं शेरा मारला:
सुस्थितीत. काढू नये. सुतार: याकोब.
साहेब नाव उडवतील, ठाऊक आहे.
ते म्हणतील, ह्याचा जीएसटी नंबर काय?

निघताना निरभवण्यांनी दार ओढलं,
कुलूप घातलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं.
उत्तरेच्या भिंतीला बैलगाडीएवढं भगदाड आहे;
वस्तीतल्या शेळ्या तिकडूनच ये-जा करतात.
"भगदाडाची किल्ली नाही माझ्याकडे," ते म्हणाले,
"जिची आहे, ती लावतो."