डावी कळ

जानेवारी. सरोवर इतकं गोठलंय
की आम्ब्रोआझचा ट्रक थेट जाळ्यांपर्यंत जातो,
आणि मी स्वयंपाकघरात
तीन कागद पसरून बंदूक निवडतोय.
तयार नव्हे. सुट्या भागांची:
नळी, कळ, पितळी सामान, अर्धवट तासलेला दस्ता
आणि स्क्रूंची पुडी, ज्यात
आम्ब्रोआझच्या मते एक कायम कमी निघतो.

ठासणीची. नळीला आतून पेच नाहीत,
गोळी घाला, छर्रे घाला, ती तक्रार करत नाही.
फिलोमीन विचारते, पेच नाहीत म्हणजे नेम नाही?
मी सांगतो, पन्नास पावलांपर्यंत नेम माणसाचा,
त्यापुढे देवाचा.
मग तुझी पन्नास पावलं आधी दाखव, म्हणते ती.

पहिला कागद फ्रेंच घाटाचा.
मेपलचा दस्ता, मागे गाईच्या पायासारखा वळलेला.
सुंदर. फारच सुंदर.
असली वस्तू भिंतीवर चढते
आणि तिथेच म्हातारी होते.

दुसरी बदकांची, अक्रोडाची,
नळी एवढी लांब की शेडचं दार काढावं लागेल.

तिसरी कंपनीच्या दुकानातली जुनी,
कातड्यांच्या बदल्यात मिळायची तशी.
साधं लाकूड. चापाभोवतीची कडी रुंद,
हातमोज्यासकट बोट आत जाईल अशी.
कळेच्या पलीकडच्या अंगाला पितळी साप,
खवल्याखवल्यांचा.

आजोबांच्या आईकडे हीच होती म्हणतात.
नळी फुटली तेव्हा तिचं टोक चपटं ठोकून
कातडं खरवडायचं हत्यार केलं.
ते हत्यार मी हातात धरलंय.
बंदूक कुणीच पाहिलेली नाही.

तर तिसरी. ठरलं.
कागदावर एक रकाना: दस्त्याची लांबी.
कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत
माझी चौदा इंच.
शनिवारी ओदील आली होती, अकरा वर्षांची,
टेबलावर कोपर टेकवून म्हणाली, माझी पण मोज.
सव्वाबारा.
मग तिने झाडू उचलला, खांद्याला लावला,
खिडकीबाहेरच्या कावळ्यावर रोखला.
डावा खांदा. डावा डोळा.
दुसऱ्या बाजूने, मी म्हटलं.
तिने बाजू बदलली, नको तो डोळा मिटला,
आणि मला न विचारता
झाडू परत डावीकडे नेला.

माझा थोरला भाऊ झोआशीम असाच होता.
शाळेत सिस्टरांनी त्याचा डावा हात
अख्खा हिवाळा बाकाला बांधून ठेवला.
पुढे उजव्या हाताने तो सही करायचा.
फक्त सही.
शिकारीला आला की
बापाची बंदूक तो डाव्याच खांद्याला लावायचा,
आणि उजवीकडची रंजक
त्याच्या डोळ्यांपुढेच भडकायची.
भुवई कधी नीट उगवलीच नाही.
आम्ही हसायचो.

फोन लावला. डावी कळ मिळते.
दोनशे डॉलर जास्त.
बनवणारा एकटाच आहे, त्याचेही गुडघे गेलेत,
अठरा महिने लागतील.
मी शहात्तरचा.
फिलोमीनने मोज्यातून मान वर न करता हिशेब केला:
पुढच्या वर्षीचा जुलै.

साप आता उजव्या अंगाला जाईल.
त्याला विचारलं नाही.

दस्त्याची लांबी मी चौदाच लिहिली.
लाकूड कापता येतं,
जोड मात्र दिसते.
तोवर तिचा हात तिथवर येईल,
किंवा मी रंधा घेऊन बसेन,
किंवा तीच बसेल.

पलीकडच्या माणसाने विचारलं,
डावखुरे तुम्हीच का?
झाडू अजून शेगडीपाशीच उभा होता.
मी नाही, म्हटलं. घरात दोघं आहेत.

फिलोमीनची सुई थांबली. मग चालू लागली.
बराच वेळाने म्हणाली,
तो कमी निघणारा स्क्रू
आत्ताच जास्तीचा मागून घे.