चाखणीची वही

परतवाडा सुटलं, सातव्या वळणावर कानात दडे बसले.
ड्रायव्हरने काच वर केली :
"इथून थंडी सुरू, साहेब. तिची पावती नाई भेटत."

पहिली वायनरी म्हणजे शाळेची जुनी खोली.
फळ्यावर अजून सातचा पाढा,
त्याखाली खडूने : जांभूळ, पिंप तीन, हलवू नये.
साबूलाल बेठेकर पिंपाला कान लावून उभा.
"बुडबुडे मोजतो. पुसात हळू चालते हे.
उन्हाळ्यात घाई करते अन् नासते, मानसावानी."
मी घोट घेतला, नाशकात शिकलेले शब्द काढले,
लिहिलं : ओला कातळ, लवंग, किंचित गंज.
गंज पेल्याचा होता.

दुसरी बंद. कुलपात चिठ्ठी :
गवा आला आहे. उद्या या.

तिसरी मुंगायची, सेमाडोहच्या अलीकडे. मोहाची.
एकच टाकी, तिला गोधडी पांघरलेली,
वरून सुतळीची गाठ.
"लय गारठलं तर झोपून जाते, मंग उठत नाई."
पहिला थेंब तिने सागाच्या बुडाशी सांडला,
दुसरा मला.
म्हणजे मी पाहुणा, तपासनीस नव्हे.
वहीत एक रकाना असतो : चव किती सेकंद टिकली?
मी घड्याळ पाहू लागलो.
ती माझ्याकडे पाहत राहिली,
दूध उतू जाईपर्यंत पाहावं तशी.

खाली परतवाड्यात ऊन होतं.
स्वेटर निघाले, काच उतरली,
रसवंतीचे घुंगरू वाजत होते.
जिभेवर अजून गोधडी.
रकाना तसाच आहे.