घट्टे

कवाई बेटावर, हनापेपेच्या दफनभूमीत
फर्मिन अगबायानी गवत कापतो.
त्याच्या लहानपणी म्हणे
रात्री इथं बोलायचं तर ओरडावं लागे,
इतके रातकिडे.

आता गवत गप्प आहे.
"गेले सगळे," मी म्हटलं.
त्यानं बॅटरी खाली धरली:
वीतभर जागेत एक, थडग्याच्या कडेला दोन,
कुजक्या हाराखाली आणखी.
सगळे जिवंत. सगळे मुके.

एक माशी आहे, तिला गाणं ऐकू येतं.
अंधारातून गाण्याच्या रोखानं नेमकी येते,
पाठीवर अळ्या सोडते.
आठवड्यात गाणारा आतून रिकामा.

मग किड्यांनी ठरवलं का, गप्प राहू या?
छे. किडा काय ठरवणार!
कधीतरी एकाचे पंख बिघडलेले निघाले,
दातेच नाहीत, घासले तरी आवाज नाही.
एरवी असलं पोर बिनलग्नाचं मेलं असतं.
पण त्या वर्षी माशी होती.
एवढंच.
मग त्याची पोरं, त्या पोरांची पोरं.
सूप कुणाच्या हातात नव्हतं,
पाखडलं मात्र गेलं.

फर्मिन खाली बसला, गुडघे वाजले.
त्याच्या आजोबांना निवडलं ते माणसानं:
विगानच्या बाजारात, टेबलामागून,
तळहात दाखव म्हणाला,
घट्टे चाचपले,
ऊस तोडायला चालेल म्हणाला.
धाकट्या भावाचे हात मऊ निघाले. तो मागे राहिला.
"काय हवंय ते त्या माणसाला ठाऊक होतं," फर्मिन म्हणाला.
"इथं कुणालाच काही नकोय."

आणि माशी उद्या नाहीशी झाली तर?
त्यानं खांदे उडवले.
मग बिघडलेले पुन्हा बिघडलेलेच.

लांब, पाण्याच्या टाकीपाशी, एकटाच एक गात होता.
मुके त्याच्या आसपास दबा धरून बसतात;
मादी निघते त्याच्या हाकेला,
वाटेत गाठतो भलताच.
आम्ही हसलो.
तेवढ्यात गाणं मध्येच थांबलं.
आम्हीही.

बॅटरीच्या उजेडात, माझ्या बुटापाशी, एक मुका
पंख उचलून एकमेकांवर घासत होता,
अगदी गाण्याच्या लयीत.
मी कान जवळ नेला.

"रोज करतात," फर्मिन म्हणाला.